दोन पेशंटांच्या मधला वेळ

वहिनींच्या खोलीत दोन खुर्च्या, एक बेसिन, एक खिडकी. लोक यायचे, तासभर मन मोकळं करायचे आणि हलके होऊन जायचे. होणारच हलके, ओझं वहिनींच्या डोक्यावर ठेवून जायचे ना! म्हणून पेशंट गेला की त्या दार लावून घ्यायच्या, तोंडावर पाणी मारायच्या आणि गप्प बसायच्या. आधीचा माणूस डोक्यातून उतरल्याशिवाय पुढच्याला हाक नाही, असा त्यांचा नेम.

समुपदेशनाचं केंद्र धाकट्या दिराचं. त्याच्या डोळ्यांत ते बसणं सलायला लागलं. त्याने परस्पर त्या वेळेत पेशंट भरले. वर केंद्रातल्या सगळ्या समुपदेशक बायांसाठी स्वतःला कसं जपावं यावर व्याख्यान ठेवलं, तेही ऐन जेवणाच्या सुट्टीत. डबे झाकलेलेच राहिले आणि व्याख्याता श्वास कसा घ्यावा ते शिकवून गेला. जसं काही इतके दिवस या बाया श्वास न घेताच जगत होत्या.

त्याच दुपारी एक बाप आला. त्याची मुलगी गेली होती. तिच्या शेवटच्या घटकेला आपण चहा प्यायला खाली उतरलो होतो, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. तो उठतो न उठतो तोच दिराने पुढच्या पोरीला आत धाडलं. खुर्चीसुद्धा गार झाली नव्हती. पोरीची आई हॉस्पिटलात होती, आज जरा बोलली म्हणून पोरगी खुशीत सांगत होती. वहिनींचे कान तिच्याकडे, जीव त्या बापापाशी. बोलून गेल्या, "शेवटच्या वेळी तू जवळ नव्हतीस, म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस."

पोरगी पांढरीफटक पडली. "हॉस्पिटलातून तुम्हाला फोन आला का?"

वहिनींनी हात जोडले, चूक सांगितली, तिला तिथल्या तिथे फोन लावायला लावला. आईचा आवाज ऐकला तशी पोरगी ढसाढसा रडली आणि वहिनींकडे न बघता निघून गेली.

दीर म्हणाला, होतं असं कधीकधी, मघाचा श्वासाचा प्रकार करून बघा. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भावजी, न्हावीसुद्धा दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये वस्तरा पुसतो. मी काय तसाच बरबटलेला हात दुसऱ्याच्या मनात घालू?"

बाहेर रांग आहे, लोकांना काय सांगू, असं तो पुटपुटला. वहिनी तडक बाहेर गेल्या आणि रांगेला स्वतःच सांगितलं, की आत्ता माझ्या हातून चूक झाली, मला थोडा वेळ बसायचंय, पुढेही प्रत्येकानंतर बसणार. घाई असेल त्याने भावजींपुढे बसावं. कोणी उठलं नाही. दीर तेवढा आत सटकला.

ती पोरगी पुन्हा आली नाही. तिची दर आठवड्याची वेळ दिराने दुसऱ्याला द्यायला काढली, तर वहिनींनी देऊ दिली नाही. त्याच्याशी त्या अजून कामापुरतंच बोलतात.