काजळाचा अंगठा

कॉलेज म्हणजे काय, हे डोंगरावरच्या कुडपण गावात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पण महिपतीचा सहदेव तिथं जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सहदेव पोलादपूरला सातवीच्या परीक्षेत पहिला आला, तेव्हा तिथले मास्तर महिपतीला म्हणाले होते, "याला महाडच्या हायस्कुलात घाला. अकरावी झाली की पुण्याला कॉलेज." महिपतीला वाचता येत नसलं, तरी ऐकलेलं तो विसरत नसे. त्यानं ते वाक्य डोंगर चढून वर आणलं आणि गावात घरोघरी सांगितलं.

छप्पन साली सहदेव महाडच्या बोर्डिंगात गेला, आणि त्याच महिन्यात घरी कॉलेजची तयारी सुरू झाली. मुंबईला गिरणीत असलेला भावकीतला रामजी रजेवर आला होता. तो म्हणाला, "तिकडं बेडिंग लागतं वयनी. ज्याचं त्यानं न्यायचं." सहदेवच्या आईनं, बनुबाईनं, एवढंच धरलं. कॉलेजचं बाकी काही तिच्या हातातलं नव्हतं, गादी मात्र होती. पठाराच्या कडेला सावरीची झाडं आहेत. चैत्रात बोंडं फुटली की ती पाटी घेऊन जाई आणि वाऱ्याच्या आधी कापूस गाठी. पहिल्या साली जेमतेम उशीपुरता निघाला. "आजून तीन वर्सं हायत," ती म्हणाली, "गादी व्हती का नाय बघ."

इकडे महाडात काय झालं, ते कुणी पाहिलं नाही. आठवीत इंग्रजी सुरू झालं. बोर्डिंगातली पोरं सगळी सारखीच कोरी, पण वर्गात बाजारपेठेतली पोरंही होती, आणि त्यांना घरी काका-मामांनी आधीच शिकवलेलं. एकदा गुरुजींनी सहदेवला उभं करून वाचायला लावलं. समोर चाकूचं चित्र होतं आणि खाली शब्द. पहिलं अक्षर न उच्चारता सोडायचं असतं, हे बिचाऱ्याला कोण सांगणार? तो मोठ्यानं म्हणाला, "कनाइफ." वर्ग हसून फुटला. गुरुजीसुद्धा हसले, वाईट मनानं नव्हे, पण हसले. त्या दिवसापासून सहदेवचं नाव 'कनाइफ' पडलं. गणितात सगळ्यांना मागं टाकणारा पोरगा, पण नळावर, जेवणाच्या पंगतीत, गांधारी नदीच्या काठावर कपडे धुताना, जिथं तिथं कनाइफ.

आठवी संपताना शाळेनं एकेक छापील कागद दिला. ज्याला नववीपासून इंग्रजी नको असेल त्यानं त्याऐवजी सुतारकाम घ्यावं आणि पालकाची सही आणावी. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: इंग्रजी न घेणाऱ्यास कॉलेजात प्रवेश मिळणार नाही. सहदेवनं ती वाचली. वाचली नाही, असं पुढं कधी त्याला स्वतःशीसुद्धा म्हणता आलं नाही. कॉलेज तीन वर्षं लांब होतं, आणि कनाइफ रोजचा होता.

मेच्या सुट्टीत तो कागद घेऊन वर आला. "कसला कागद?" महिपतीनं विचारलं.

"कॉलेजचा," सहदेव म्हणाला. "अंगठा पायजे."

शाई नव्हती. बनुबाईनं धावत जाऊन आपली काजळाची डबी आणली. महिपतीनं आधी हात धुतले, धोतराला पुसले, मग अंगठा काजळात बुडवून कागदावर असा दाबला, की जणू पोराला घोड्यावरच बसवतोय. वर म्हणाला, "नीट उठला का रे? पुसट झाला तर दुसरा देतो."

"नीट उठलाय," सहदेव म्हणाला. त्याचे कान तापले होते. पण कागद त्यानं फाडला नाही.

खरं म्हणजे गोष्ट तिथंच संपायची. पण त्याच संध्याकाळी अंगणात चार माणसं जमली आणि महिपती म्हणाला, "सादेवा, विंग्रजी बोलून दाखव." आता काय करणार? आठवीच्या पुस्तकातला एक धडा त्याला पाठ होता. त्यानं डोळे मिटून तो म्हटला. "द काऊ ईट्स ग्रास. द काऊ गिव्ज अस मिल्क..." असा अखेरपर्यंत.

"काऊ म्हंजे कावळा ना रे?" बनुबाईनं विचारलं.

"नाय गो आये. काऊ म्हंजे गाय."

"मंग कावळ्याला काय म्हनत्यात?" यावर सगळे हसले, तीही हसली, आणि सहदेवची सुटका झाली.

पुढल्या मे महिन्यात पुन्हा तेच अंगण, तीच माणसं. सहदेव तोवर रंधा छान मारायला शिकला होता, पण रंधा मारून दाखव असं कोण म्हणणार? त्यानं तोच धडा म्हटला. बनुबाई कापसातल्या बिया काढत बसली होती. मधेच मान वर करून म्हणाली, "मिलक म्हंजे दूध!" महिपतीनं अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं. तिसऱ्या सालीही तोच धडा. तोवर बनुबाई गोठ्यात गाईला "सरक गो काऊ" म्हणू लागली होती, आणि सहदेव सुट्टीत घरी यायला उशीर करू लागला होता. अभ्यास असतो, म्हणायचा. दर खेपेला घाट चढताना तो ठरवी की या वेळी सांगायचं. वर पोचला की आई म्हणे, "बघ, अर्धी गादी झाली," आणि सांगायचं राहून जाई.

साठ साली सहदेव अकरावी पास झाला, तोही चांगल्या गुणांनी. गादी पुरी झाली होती. महिपती फेटा बांधून त्याच्यासोबत महाडला निघाला. पोलादपूरपर्यंत पायी, पुढं एसटी. सहदेव त्याला म्हणाला होता, "तुमी कशाला? मी आनतो दाखला." पण आजच्या दिवशी बाप कसला ऐकतो!

शाळेच्या कचेरीत महिपती कारकुनापुढं हात जोडून उभा राहिला. "दाखला पायजे साहेब. आन कॉलेजाचा फारम भरायचा हाय."

कारकुनानं रजिस्टर पाहिलं, मग सहदेवकडे पाहिलं. "कॉलेजचा? याचं इंग्रजी नाही. इंग्रजीवाचून कॉलेजात घेत नाहीत."

"नाय कसं? बोलतो की तो. आमी ऐकलंय."

कारकून उठला, कपाटातून एक गठ्ठा काढला, आणि त्यातला तो कागद टेबलावर ठेवला. "हे बघा. आठवीनंतर सोडलंय. पालकाच्या संमतीनं. हा अंगठा तुमचाच ना?"

काजळाचा अंगठा तीन वर्षांत जरासुद्धा पुसट झाला नव्हता. महिपती वाकून बघत राहिला. मग त्यानं आपला उजवा अंगठा उलटा करून पाहिला. सहदेव भिंतीला चिकटून उभा होता. बाप आता वळेल, इथंच सगळ्यांदेखत कानफटात देईल, असं त्याला वाटलं. द्यावी, असंच वाटलं. पण महिपती वळला नाही.

"व्हय," तो म्हणाला. "माजाच हाय. मीच सांगितलं व्हतं त्याला, विंग्रजी नको म्हनून."

आतून हेडमास्तर बाहेर आले होते. ते ऐकून चिडले. "अहो, एवढा हुशार मुलगा! तुमच्यासारख्या अडाणी बापांमुळेच ही पोरं मागं राहतात."

"व्हय साहेब," महिपती म्हणाला. "चुकलं माजं."

सहदेवला बोलायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण बापानं दाखला घेऊन हेडमास्तरांना वाकून नमस्कार केला, तेव्हाही तो भिंतीपासून हलला नाही. चढणीवर एकदा तो "बाबा..." एवढं म्हणाला. महिपती पुढं चालत होता. "चल, ऊन चढतंय," म्हणाला. त्यात राग असता तर सहदेवला बरं वाटलं असतं.

गावातही महिपतीनं तेच सांगितलं. आपणच नको म्हटलं, आपल्याला काय कळतंय! लोकांना आयतंच मिळालं. "महिपती, अंगठा जपून ठेव बाबा, कुठं उठंल नेम नाय!" ज्या घरांत त्यानं चार वर्षं पोराचं कौतुक सांगितलं, त्याच घरांतून हे ऐकून तो मान खाली घालून जाऊ लागला. आणि बनुबाई? ती नवऱ्यापुढं भाकरी ठेवी ती लोटून. तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. सहदेवला मात्र तिनं दोन्ही वेळा दूध दिलं. "पोराचं वाटोळं केलान बापानं," म्हणायची आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. त्या हातानं त्याला भाजल्यासारखं होई.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं गादी अंगणात ओढली आणि टाके उसवायला बसली. शेजारची रंगूबाई येऊन टेकली. रंगूबाईच्या कानावर पडलं की गावात दवंडी वेगळी लागत नाही. महिपती गोठ्याच्या दारात दावं वळत होता. सहदेवनं रंगूबाईला पाहिलं, आणि तीन वर्षांत न झालेलं एक काम केलं. तो आईसमोर जाऊन उभा राहिला.

"आये, बाबांनी काय नाय केलं. विंग्रजी मीच सोडलं. पोरं हसायची म्हनून. तो अंगठा मी फसवून घेतला. कॉलेजचा कागद हाय सांगून."

"गप रे," महिपती गोठ्यातून म्हणाला.

"नाय गप बसायचा. काकी, तूबी ऐक. सगळ्यांना सांग."

रंगूबाईनं तोंडावर पदर घेतला. बनुबाईचा हात टाक्यावरच थांबला. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. महिपतीनं मान वर केली नाही. मग तिनं पोराकडे पाहिलं. शिव्या येतील म्हणून सहदेव तयार होता.

"मंग त्ये दर साली म्हनून दाखवायचास, त्ये काय व्हतं?" तिनं विचारलं.

"आठवीचा धडा."

"तिन्ही सालं?"

"तिन्ही सालं त्योच."

उसवलेल्या गादीतून कापसाचा पुंजका निघून अंगणभर तरंगत गेला. तिनं तो धरला नाही.

"असं व्हय," बनुबाई म्हणाली. "मला वाटायचं, मलाबी थोडं थोडं यायला लागलं."