काचेवरची ताई

आपण केसांवर संशोधन करतो हे परक्या माणसाला पुन्हा म्हणून सांगायचं नाही, असा भिंगरीने केव्हाच कानाला खडा लावला होता. सांगितलं की समोरचा पटकन विचारणार, "मग तेल कुठलं लावू?" दाताच्या डॉक्टरने तर तिचा जबडा आ वासलेला असताना विचारलं होतं, आणि उत्तराची वाटही पाहिली होती. तेलाने डोकं चमकतं, यापलीकडे तेलाबद्दल तिला काडीचीही माहिती नव्हती. तिचं काम कातडीच्या आतलं. केसाच्या मुळाशी चिमूटभर पेशी असतात, त्या कशाने जाग्या होतात, कशाने झोपतात, एवढंच ती वर्षानुवर्षं पाहत आली होती. पण हे ऐकून घ्यायला सवड कुणाला आहे?

भिंगरी हे अर्थात घरातलं नाव. लहानपणापासून एका जागी बूड टेकवून बसली नाही म्हणून पडलेलं. तिला नोकरी मिळाली ती दिवसदिवस मायक्रोस्कोपपुढे बसायची, यावर ताई अजून हसते. त्यावरही भिंगरीने तोड काढली होती. दर चार काचा पाहून झाल्या की ती उठायची, खिडकीपर्यंत जायची, कुणाचा तरी चहा पळवायची आणि परत यायची.

सध्या एका गोळीची चाचणी चालू होती. अंगातल्याच पहारेकरी पेशी चुकून केसांच्या मुळांवर उलटतात आणि डोकं, भुवया, पापण्या, सगळं साफ होतं, त्या रोगावरची गोळी. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना नुसत्या पिठाची. कुणाला कुठली हे कुणालाच ठाऊक नाही. गोळी सुरू होण्याआधी डोक्याच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा काढायचा, तीन महिन्यांनी त्याच्या शेजारचाच दुसरा. दोन्ही तुकड्यांच्या काचा भिंगरीकडे यायच्या, नुसते नंबर लावून. आधीचा कुठला, नंतरचा कुठला, हेही तिला सांगायचं नाही. विभागाच्या मॅडम या बाबतीत कुणाचंही ऐकत नसत. लॅबमधल्या माणसांचे नातेवाईक चाचणीत घ्यायचे नाहीत. काचेवरून माणूस ओळखू आला तर तिथल्या तिथे सांगायचं. आणि भाग घेणाऱ्याला मधेच निकाल कळला, तर तो बाहेर. गोळी बंद, परत आत घेणे नाही. हा पाढा सगळ्यांना तोंडपाठ होता.

त्या सकाळी एक जोडी आली आणि भिंगरी खूश झाली. पहिल्या काचेवर मुळं आखडून वर सरकलेली, भोवती पहारेकरी पेशींची गर्दी, साखरेच्या दाण्याला मुंग्या लागाव्यात तशी. दुसरीवर मुळं पार खाली चरबीपर्यंत उतरलेली, टपोरी, मुंग्यांचा मागमूस नाही, आणि प्रत्येक मुळातून एक नवा केस वर निघालेला. कातडीबाहेर मात्र एकही आलेला नव्हता. थोडंच अंतर उरलं होतं. असं काही दिसलं की तिला उगाच कुणाचं तरी अभिनंदन करावंसं वाटे.

मग तिने काच जराशी सरकवली आणि कडेला काळे ठिपके दिसले. बारीक, कोनेदार, मधल्या थरात रुतून बसलेले. पहिल्या काचेवरही तेच.

काचा तयार करणाऱ्या काकांना तिने हाक मारली. "काका, हा कचरा तुमच्या पात्याचा का?"

काकांनी डोळा लावला. "नाही बुवा. हा आतलाच आहे. पडलं असेल कुणीतरी, रस्त्यावर घासलं असेल. असले खडे जन्मभर राहतात."

ते गेले आणि भिंगरीला एकदम आठवलं. घरासमोरची गल्ली, जळक्या कोळशाची खडी टाकलेली, एका सायकलवर दोघी, आणि वळणावर उजव्या कानामागे सालपट निघालेली ताई. आई ओल्या फडक्याने खडे टिपत होती आणि ताई किंचाळत होती. केसांखाली राहिलेले खडे सगळे विसरूनही गेले होते. बारा वर्षांपूर्वी ताईचे केस गेले, तेव्हा ते काळे ठिपके पुन्हा उघडे पडले. भिंगरीने ते इतक्यांदा पाहिले होते की डोळे मिटून कागदावर काढून दाखवले असते.

कोळशावर पडलेली ताई काही जगात एकटी नाही, असं तिने स्वतःला बजावलं. पण हल्ली ताई तिच्यासमोरसुद्धा डोक्याचा रुमाल सोडत नव्हती, हेही तिला आत्ताच आठवायचं होतं. आणि ही ताईच असेल, तर आधीची काच कुठली हे कळायला मॅडमची यादी नको होती. बारा वर्षं ताईच्या डोक्यावर लव नव्हती. म्हणजे झोपलेली मुळं आधीची, जागी झालेली आत्ताची. ताईचे केस येत होते आणि ते ताईला माहीत नव्हतं.

मग दिवसभर तिच्या पायाला चैन नव्हतं. मॅडमच्या दारापर्यंत ती तीनदा गेली. सांगणं भागच होतं. पण सांगितलं की बहीण म्हणून ताई बाहेर, आणि बाहेर म्हणजे गोळी बंद. गोळी बंद झाली की पहारेकरी परत फिरतात आणि उगवलेलं गळून जातं. तिसऱ्यांदा दार उघडं होतं. मॅडमनी वर पाहिलं. भिंगरीने त्यांना स्टेपलर आहे का विचारलं आणि स्टेपलर घेऊन परत आली. स्टेपलरचं काय करायचं ते तिला कळेना. शेवटी तिने ताईला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलली, गाडीचं काम झालं का, वगैरे.

"संध्याकाळी ये ना," ताई म्हणाली. "मलाही तुझ्याशी बोलायचंय."

ताई गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, असा तिचा धंदा. भिंगरी पोचली तेव्हा ती ओट्यापाशी भांडी विसळत होती.

"आज एकाने ब्रेक समजून काय दाबलं असेल? अॅक्सिलरेटर! भाजीवाल्याची गाडी थोडक्यात वाचली." मग तिने नळ बंद केला. "हे बघ, आरडाओरडा करायचा नाही. मी तुमच्या त्या गोळीच्या चाचणीत आहे. पलीकडच्या दवाखान्यात नाव घातलं. बहीण कुठे काम करते ते सांगितलं नाही, नाहीतर घेतलं नसतं. तुलाही नाही सांगितलं. तू नाचली असतीस."

भिंगरी खुर्ची ओढून बसली.

"तीन महिने झाले. दोनदा इथून, कानामागून तुकडा काढला. काही फरक नाही. वर तोंडात फोड येतात, जेवण जात नाही. उद्या बाटली परत देऊन येते."

"नको!"

"का?"

"थोडे दिवस थांब. दोनच महिने. माझ्यासाठी."

ताई हात पुसत समोर येऊन बसली. "मलम लावलं तेव्हा काय म्हणालीस? थोडे दिवस थांब. इंजेक्शनं घेतली तेव्हा? थोडे दिवस थांब. बारा वर्षं मी रोज सकाळी उठून आधी डोकं चाचपते, भिंगरी. दात घासायच्या आधी. मला टक्कल आता टोचत नाही गं. हे चाचपणं टोचतं. सोमवारपासून मी रुमालसुद्धा बांधणार नाहीये. शिकणाऱ्यांचं लक्ष तसंही रस्त्यावर नसतं."

ती हे इतकं मोकळं होऊन बोलत होती की भिंगरीचं रडू कोसळायच्या बेतात आलं. आपली बहीण सुखी दिसते आहे आणि आपल्याला ते पाहवत नाही, हे तिचं तिलाच भयंकर वाटलं. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली.

"येतायत, ताई. केस येतायत. मी पाहिलेत."

"कुठे?"

"आज काच आली माझ्यापुढे. तुझी. सांगायची परवानगी नाही, माझी नोकरी जाईल, पण आहेत. आत आहेत, वर यायला निघालेत. तुझे ते कोळशाचे खडेसुद्धा दिसले. आत्ता सोडू नकोस, तुझ्या पाया पडते."

ताईच्या चेहऱ्यावर जी माया आली, ती पाहूनच भिंगरीचा धीर सुटला.

"खडे तुला मी सायकलवरून पडले तेव्हापासून माहीत आहेत," ताई म्हणाली. "कानामागून तुकडा काढला हे मी आत्ताच सांगितलं. इंजेक्शनांच्या वेळी तू भिंग घेऊन बसली होतीस, आठवतं? म्हणालीस, बारीक लव आलीय. तू गेल्यावर मी आरसा घेऊन बसले. काहीही नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं, बोलले नाही एवढंच."

त्या दिवशी लव नव्हती, हे खरं होतं. ताई रडत होती आणि भिंगरीला दुसरं काही सुचलं नव्हतं.

"तेव्हा मी... आज तसं नाहीये. आज शपथ घेऊन सांगते."

"तेव्हाही घेतली होतीस," ताई म्हणाली. "मला राग नाहीये गं. माझ्यासाठीच बोलतेस तू."

तिने रुमाल सोडला, खुर्ची जवळ ओढली आणि मान खाली घातली. "घे. भिंग नको नि काच नको. हात लावून सांग."

भिंगरीने हात ठेवला. डोकं गरम होतं, आणि गुळगुळीत. कानामागे टाक्यांच्या दोन बारीक गाठी लागल्या. तिने बोटं सावकाश पुढे नेली, मागे आणली, पुन्हा नेली, दाबून पाहिलं. किती खाली आहेत ते तिला नेमकं माहीत होतं. आणखी काही आठवडे. तिने डोळे मिटून घेतले.

"लागलं काही?" ताईने खालूनच विचारलं.

हो म्हणायला जीभ उचललीही होती.

"नाही," भिंगरी म्हणाली.

ताईने मान वर केली. ती हसत होती. "बघ. आज पहिल्यांदा खरं बोललीस," ती म्हणाली, आणि उद्या विसरायला नको म्हणून गोळ्यांची बाटली आत्ताच पर्समध्ये टाकली.