न लावलेला पाय

माझी सून राजेश्वरी पायाळू आहे. लोणी भापकरला ती जन्मली तेव्हा आधी पाय बाहेर आले. आमच्या पिंपळीत कुणाच्या पाठीत उसण भरली, की तो सकाळी आमच्या ओट्यावर येऊन पालथा पडतो. राजेश्वरी भाकरी सोडून येते, दुखऱ्या जागी उजवा पाय हलकेच टेकवते आणि पुन्हा तव्याकडे जाते. माणूस उठतो, चहा पितो आणि जातो. गुण पायाचा की चहाचा, ते मला माहीत नाही. पण तिची बढाई मी पार बावड्याच्या बाजारापर्यंत मारून आलो आहे.

माझ्यावर तिच्यापुढे पालथं पडायची वेळ आली ती एका पाळण्यामुळे. नात प्रगतीची कॉलेजची परीक्षा संपली आणि तिने सगळ्यांना पुण्याच्या पुढच्या एका पार्कात नेलं. तिथल्या पाळण्याचे डबे रुळावरून आभाळात चढतात, उलटे होतात आणि धाडकन खाली येतात. दाराशी पाटी होती. हृदयाचा आजार, रक्तदाब, मानेचं-पाठीचं दुखणं असलेल्यांनी बसू नये. प्रगतीने ती मोठ्याने वाचली.

"तात्या, तुमच्या हृदयात स्प्रिंग बसवलीय. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. तुम्ही खाली थांबा."

"अगं, उसाच्या दोन ट्रॉल्या मागं लावून जन्मभर कारखान्याला ट्रॅक्टर नेला मी. त्यो बी आपल्या रस्त्यानं! हितं तर गुळगुळीत रूळ हाय."

"बसू दे त्यास्नी," माझी बायको कौसल्या म्हणाली. "मी खाली टोपी हुडकायला थांबते."

टोपी मी मुठीत धरली होती, ती राहिली. पण एका वळणावर मान अशी हिसडली, की दातावर दात आपटले. उतरल्यावर मी हसलो, म्हणून बाकीचेही हसले.

पुढे काही दिवसांनी डोकं दुखायला लागलं. मान धरलेलीच होती. कौसल्याने तेल चोळलं, मी ऊन लागलं म्हणून कांदा फोडून खाल्ला. दुखणं हटेना. दुपारी बांधावर बसलो की झोप यायची. शेवटी एका सकाळी मी ओट्यावर पालथा पडलो आणि हाक मारली.

"राजेश्वरी, ये. मानेत उसण भरलीय. लाव पाय."

ती आली आणि दाराशीच उभी राहिली.

"न्हाय तात्या."

लग्न होऊन आल्यापासून तिने मला कधी नाही म्हटलं नव्हतं. मी मान वळवायला गेलो, तर कळ आली.

"अगं, साऱ्या गावाला लावतीस, अन् घरच्याला न्हाय?"

"कमरेला सांगा, लावते. मानंला, डोक्याला न्हाय. सासऱ्याच्या डोक्याला पाय लावू व्हय मी?"

"औषध म्हणून लाव गं," कौसल्या म्हणाली. "पाप लागलं तर माझ्या नावावर."

"पापाचं न्हाय आत्याबाई." राजेश्वरी खाली बसली. तिचे हात पिठाने माखलेले होते. "उसण भरलेला माणूस वाकडा हुतो. तात्या सरळ बसत्यात, अन् त्यांच्या हातातली बशी वाकडी हुती. काल बी चहा सांडला, आज बी. मला काय कळत न्हाय, पर ही उसण न्हाय. मी पाय लावणार न्हाय. दवाखान्यात चला."

मी चिडलो. उठून दाखवावं म्हणून उठलो, तर उजवी चप्पल पायात शिरेना. ते सगळ्यांनी पाहिलं. मुलगा दीपक गाडी काढायला गेला.

बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो काढला. कवटीच्या आत रक्त साचलं होतं. "रोज थोडं थोडं झिरपत होतं, आजोबा. त्या पाळण्याचे हिसके, वर रक्त पातळ व्हायची गोळी. मान चोळून चार दिवस बरं वाटलं असतं आणि तुम्ही घरीच राहिला असता. मग आणलं असतं ते उचलूनच."

डोक्याला भोकं पाडून ते रक्त काढलं. पडल्या पडल्या मला उमगलं. ट्रॅक्टरचं चाक आपल्या हातात असतं, खड्डा आधी दिसतो, अंग आपोआप सावरतं. त्या डब्यात माझ्या हातात फक्त टोपी होती.

घरी आलो. परवा शेजारचा सोनबा मान धरून आला. तोही कुठल्याशा जत्रेत ड्रॅगनच्या गाडीत बसला होता.

"वैनी, लावा पाय."

"मानंला न्हाय भावजी."

"आता गं बया! भाव वाढला का पायाचा?"

मी टोपी काढली आणि डोकं त्याच्यापुढे वाकवलं. टाक्यांच्या जागी अजून केस आलेले नाहीत. सोनबाचं हसणं थांबलं. दीपक त्याला घेऊन बारामतीला गेला. त्याची नुसती शीर आखडली होती. बरं झालं.

राजेश्वरी अजून मला बशी काठोकाठ भरून देते आणि काम असल्यासारखी तिथेच रेंगाळते. मी उजव्या हाताने बशी उचलतो. चहा सांडत नाही. मग ती आत जाते, आणि चहा गार होईपर्यंत मी तसाच बशी धरून बसतो.