उजवीकडची काच

माझ्याकडे येणारा प्रत्येक पुरुष एकच गोष्ट सांगतो. गाडीत ताकद भरपूर आहे, फक्त ती कुठेतरी अडकली आहे. मग मी त्याची गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवते, मागची चाकं रोलरवर ठेवून पट्ट्यांनी जखडते, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबते आणि पडद्यावरचा आकडा त्याला दाखवते. तो आकडा बघून रडकुंडीला आलेले चांगले दांडगे गडी मी पाहिले आहेत. नवरा गेल्यापासून हे वर्कशॉप मी एकटीच चालवते. पुरुषांच्या फुशारक्या आधी फुकट ऐकायचे, आता त्याचाच धंदा झाला आहे.

डॅरिन व्हेच फेब्रुवारीत आला तेव्हा बाहेर उणे वीस होतं. इकडे नॉर्थ डकोटाच्या तेलपट्ट्यात त्याची कोणी तक्रार करत नाही, फक्त कोणी गाडी बंद करत नाही. डॅरिन पिकअपच्या मागे लांब ट्रेलर लावून तेलविहिरींवर पाइप आणि पंप पोहोचवतो. सोबत त्याची बायको जोलीन होती. ही सोबतची जागा आधी त्याच्या बापाची, एल्रॉयची. एल्रॉय डिसेंबरात त्याच सीटवर, चालत्या गाडीत, बसल्या बसल्या गेला. डॅरिनला वाटलं झोपलाय. डॉक्टर म्हणाले, हृदय. हृदयाचं ऑपरेशन आधीच झालेलं, सत्तरी कधीच उलटलेली, त्यामुळे कोणालाच नवल वाटलं नाही. मलाही नाही.

एल्रॉयच्या तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया असायच्या. टरफलं तो खिडकीबाहेर थुंकायचा, मग बाहेर कितीही थंडी असो. काच खाली गेली की गाडीतली ऊब जाते म्हणून डॅरिनची चिडचिड व्हायची. शेवटी मागच्या हिवाळ्यात त्याने आपल्या दारावरचं काचांच्या लॉकचं बटण दाबून टाकलं. त्यानंतर उजवीकडची काच उजवीकडच्या माणसाला उघडता येईना. टरफलांसाठी त्याने बापाच्या हातात एक कागदी कप दिला. ही गोष्ट एल्रॉय स्वतःच कॅफेत रंगवून सांगायचा. "पोराने मला कोंडलंय," म्हणायचा. "अरे, लोक कुत्र्यासाठीसुद्धा काच चार बोटं उघडी ठेवतात." सगळे खो खो हसायचे. मीही हसले होते.

पिकअप बापलेकांनी घरच्या शेडमध्ये बदलली होती. मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, आणि धूर गाळणारी सगळी यंत्रणा काढून टाकलेली. कायद्यात हे बसत नाही, पण आमच्याकडे कोणी वाकून बघत नाही. एवढं केल्यावर चाकांवर सहाशे हॉर्सपॉवर मिळायला हव्या होत्या. त्या मिळत नव्हत्या. एवढा काळा धूर ओकून तुझी गाडी माझ्या जुन्या ट्रॅक्टरएवढंच ओढते, असं एल्रॉय रोज सुनवायचा, आणि ते डॅरिनच्या जिव्हारी लागायचं.

एल्रॉयला अजून पुरलेलं नव्हतं. हिवाळ्यात जमीन दगड होते, तेव्हा गेलेला माणूस बर्फ वितळेपर्यंत कबरस्तानातल्या बंद खोलीत पडून असतो. एप्रिलमध्ये पेटी खाली जाण्याआधी डॅरिनला तिच्यात डायनोचा छापील कागद ठेवायचा होता.

"मला बाकी काही नको," तो म्हणाला. "सहाशे दाखव. म्हाताऱ्याच्या हातात देतो आणि गप्प करतो त्याला एकदाचा."

हे बोलताना तो माझ्याकडे न बघता रोलरकडे बघत होता. मला त्याची दया आली, आणि माझ्या धंद्यात दया येणं बरं नसतं.

पहिल्या फेरीत चारशे अडतीस आले. धूर ओढणारा पंखा चालू असूनही वर्कशॉपमध्ये अंधारून आलं. डॅरिनचं तोंड एवढंसं झालं. आतापर्यंत काय काय करून बघितलंस, असं मी विचारलं. ताकद कमी वाटली की तो इंटरनेटवरच्या कोणाकडून तरी नवी ट्यून घ्यायचा. ट्यून म्हणजे इंजिनाच्या संगणकात भरायची फाइल, इंजिनाने किती डिझेल प्यायचं ते ती ठरवते. प्रत्येक नव्या ट्यूनमध्ये आधीपेक्षा जास्त डिझेल. शेवटची ट्यून त्याने डिसेंबरच्या सुरुवातीला भरली होती.

आमच्या लोकांचं हे असंच आहे. गाडी ओढत नाही, ओत डिझेल. तरी ओढत नाही, अजून ओत. मागून काळा ढग निघाला की यांची छाती फुगते. तो ढग म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल आहे, इंजिनाला हवा पुरत नाहीये, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. केबिनमध्ये वास आला तर म्हणतात, कामाची गाडी आहे, अत्तराचा वास येणार का.

मी नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. डिझेलचा दाब बघितला, चोख होता. फिल्टर नवीन होता. गिअरबॉक्स घसरत नव्हता. टर्बोचा दाब मात्र हवा तेवढा चढतच नव्हता, म्हणजे दुखणं हवेचं होतं. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारे पाइप बंद करून त्यांत हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. एकही बुडबुडा नाही. उरली ती अलीकडची बाजू. इंजिनातून निघणारा धूर ज्या पाइपाने टर्बोकडे जातो, ती. त्याच धुराच्या जोरावर टर्बो फिरतो आणि हवा कोंबतो. धूर वाटेतच निसटला तर टर्बो मंदावणार, हवा कमी पडणार, आणि वर कोणी डिझेल वाढवत बसला तर धूरच वाढत जाणार.

इतक्यात जोलीनने डोकेदुखीची गोळी मागितली. माझ्याकडची संपली होती. या गाडीत बसलं की असंच होतं, असं ती म्हणाली. आठवड्यातून एकदोनदाच ती डॅरिनबरोबर जाते, पण घरी येईपर्यंत कपाळ ठणकत असतं.

"एल्रॉयला पण व्हायचं," ती म्हणाली.

"त्याला सगळंच व्हायचं," डॅरिन बॉनेटखालून म्हणाला.

जोलीन आपल्या पर्समध्ये एखादी सापडते का ते बघायला पिकअपकडे गेली. मी धुराचं मशीन ओढून आणलं. त्यातून थंड पांढरा धूर निघतो. सायलेन्सरच्या टोकाला त्याची नळी लावली की जिथे फट असेल तिथून तो धूर डोकं वर काढतो. मी नळी लावून टॉर्च मारला. थोड्या वेळाने इंजिनाच्या मागे, उजव्या अंगाला, केबिनच्या पत्र्याला जवळजवळ चिकटून असलेल्या सांध्यातून पांढरी रेघ वर आली. टर्बो बदलताना डॅरिनने तिथलं सांधा बंद ठेवणारं जुनंच गॅस्केट परत बसवलं होतं. ते जळून गेलं होतं.

"सापडलं," डॅरिन म्हणाला. डिसेंबरनंतर पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळलेला मी बघत होते.

तेवढ्यात केबिनमधून जोलीनचा आवाज आला, अगदी साधा, मीठ दे म्हणावं तसा.

"लोर्ना, हा धूर इकडे आत यायला हवा का?"

मी धावले. डॅशबोर्डच्या खाली उजव्या कोपऱ्यातून पांढरा धूर निघत होता आणि जोलीनच्या गुडघ्यांवरून सीटवर पसरत होता. या यंत्रातल्या धुराने काही होत नाही, तरी मी तिचा हात धरून तिला खाली उतरवलं आणि दारापाशी मोकळ्या हवेत उभं केलं. मग सीटसमोर गुडघे टेकून टॉर्च मारला. टर्बोचा दाब दाखवणारा काटा डॅरिनने हौसेने बसवला होता, आणि त्याच्या वायरसाठी पत्र्याला भोक पाडलं होतं. वायर करंगळीपेक्षा बारीक, भोक अंगठ्याएवढं. त्यात बसवायची साधी रबरी कडी नव्हती. भोकाखालचा गालिचा मी बोटाने पुसला. बोट काळं झालं.

तेव्हाच मला कळलं. कळू नये असं वाटत असतानाच कळलं.

एल्रॉयच्या दर्शनाला चर्चमध्ये आम्ही सगळे होतो. बायका म्हणत होत्या की म्हाताऱ्याच्या गालांवर काय छान रंग चढवलाय, दहा वर्षांनी तरुण दिसतो. देह सजवून पेटीत ठेवणारा अंत्यविधीवाला तिथेच माझ्या शेजारी कॉफी घेत उभा होता. गालांना आपण काहीच लावलेलं नाही, असं तो मला म्हणाला होता. मला तो त्याचा नम्रपणा वाटला. कोंडलेल्या धुरातला विषारी वायू भिनला की माणसाचे गाल असेच लाल होतात, हे वर्कशॉपवाल्यांच्या सुरक्षेच्या वर्गात दरवर्षी शिकवतात. मी दरवर्षी त्या वर्गाला बसते. पण गाल होते एल्रॉयचे, आणि हृदय खराब असल्याचं सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे माझं डोकं तिकडे गेलंच नाही.

आता प्रश्न एवढाच होता की हे बोलायचं का. सांधा बदलला, भोक बुजवलं, की जोलीन सुरक्षित. गेलेला माणूस परत येणार नव्हता. सांध्याला गळती होती, काढली, एवढं सांगून मी मोकळी होऊ शकत होते. डॅरिनला त्याचे सहाशे मिळाले असते, कागद मिळाला असता, आणि उरलेला जन्म तो सुखाने ट्रेलर ओढत राहिला असता. मी तेच ठरवलं. गॅस्केट फुटलंय, नवीन घालते, तोवर गाडीत कोणी बसू नका, एवढंच बोलले. मनातून मात्र मी चिडले होते. त्याच्यावर, त्या काळ्या धुरावर, आणि कॅफेत हसणाऱ्या आम्हा सगळ्यांवर.

मी सांधा उघडला तेव्हा डॅरिन केबिनमध्ये गेला. ते भोक मीच बुजवतो, असं म्हणून त्याने माझ्या खणातून रबरी कडी घेतली. बराच वेळ तो उजव्या सीटसमोर गुडघ्यांवर होता. कडी बसवायला इतका वेळ लागत नाही. मी हाक मारली नाही.

नवं गॅस्केट घातलं, क्लॅम्प घट्ट केला, धूर सोडून पुन्हा तपासलं. कुठेच काही येईना. मग मी नंतरच्या सगळ्या ट्यून पुसल्या आणि अगदी पहिली, कमीत कमी डिझेलची, परत भरली. रोलर फिरले. मागून जेमतेम एक करडी रेघ निघाली. पडद्यावर सहाशे अकरा आले. म्हणजे ताकद पहिल्या दिवसापासून तिथेच होती. वाढवलेलं सगळं डिझेल फक्त धूर होऊन केबिनमध्ये गेलं होतं.

कागद छापून आला. मी तो त्याच्यापुढे धरला. डॅरिनने हात पुढे केला नाही.

"हे भोक मी पाडलं," तो म्हणाला. "बाबांनी टॉर्च धरला होता."

मी कागद टेबलावर ठेवला.

"माझ्या बाजूची काच थोडी उघडी असते. सिगरेटसाठी."

"माहीत आहे."

"डोकं दुखतंय, काच उघड, म्हणत होता. त्या दिवशी पण म्हणाला. मला वाटलं टरफलांसाठी नाटकं करतोय."

जोलीन म्हणाली, "डॅरिन, पुरे आता."

"नाही. लोर्ना, तू सांग. खरं काय ते सांग."

खोटं बोलणं सोपं होतं, जिभेवर तयारच होतं. पण त्या सीटवर आता जोलीन बसणार होती, आणि डोकं दुखतंय असं ती पुन्हा कधीतरी म्हणणार होती. तेव्हा याला ते नाटक वाटून चालणार नव्हतं.

"त्याचं हृदय खराब होतं, ते खरंच आहे," मी म्हणाले. "आणि हा धूर असल्या हृदयाला पुरतो, तेही खरं आहे. कशाने किती, ते आता कोणी सांगू शकणार नाही. देह टिकवायला रक्त काढून त्याच्या अंगात औषध भरून झालंय. पण मला विचारशील तर धुरानेच गेला तो."

तो मान हलवत राहिला. रडला असता तर मला बरं वाटलं असतं. माझे डोळे भरून आले, ते मी बाहीने पुसले आणि बाहीवरची काजळी तोंडाला लागली. जोलीनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याने झटकला नाही, धरलाही नाही.

पट्ट्या सोडल्या. गाडी रोलरवरून खाली आली. कागद माझ्या टेबलावरच राहिलाय, असं मी म्हटलं. राहू दे, असं तो म्हणाला.

जोलीन उजवीकडे बसली आणि तिने सीटबेल्ट लावला. डॅरिनने गाडी चालू केली आणि तसाच बसून राहिला. मग त्याचा हात आपल्या दाराकडे गेला. मागच्या हिवाळ्यापासून दाबलेलं ते लॉकचं बटण वर आल्याचा आवाज मला दारापाशी ऐकू आला. त्यानंतर उजवीकडची काच खाली जाऊ लागली. चार बोटं नाही, अर्धी नाही, पार तळापर्यंत गेली. जोलीनने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि कोटाची कॉलर वर ओढली.

पिकअप हायवेला लागून दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते. काच खालीच होती.