रिकामी जाळी

मानसीला मीच शिकवलं. आइस हॉकीतल्या चकतीला पक म्हणतात, इथपासून. वलवणहून स्कूटीवर आली तेव्हा तिला बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालतात तो, एवढंच ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी मलाही तेवढंच ठाऊक होतं, पण ते सोडा.

तुंगार्लीतल्या एका बंगल्यात आमचं ऑफिस आहे. परदेशातल्या मॅचेसचे व्हिडिओ बघायचे आणि प्रत्येक शॉटची खूण करायची: कुठून मारला, कोन किती, गोल झाला का. मी हे सहा वर्षं केलं. मानसीनं दीड वर्ष केलं आणि आमच्याच खुणांवरून मॉडेल बांधलं. कुठलाही शॉट दाखवा, शंभरात किती वेळा गोल होईल ते मॉडेल सांगणार. जाळीसमोरून बावीस, लांबच्या निळ्या रेषेवरून तीन. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जातं? पुण्याच्या मुख्य ऑफिसातले सत्यम सर फोनवर तिचं कौतुक करायचे तेव्हा माझ्या पोटात दुखायचं.

त्यात पुण्याच्या मॉडेल टीममध्ये एक जागा निघाली. एकच. आम्हा दोघींची नावं गेली आणि शुक्रवारी सर येऊन ठरवणार होते.

गुरुवारी मला तिचा तक्ता दिसला. पार दुसऱ्या टोकाहून, स्वतःच्या जाळीजवळून मारलेल्या शॉटला शंभरात नऊ. मला हसूच आलं. शेवटच्या दोन मिनिटांत हरणारा संघ आपला गोलकीपर बाहेर काढतो आणि त्याच्या जागी एक खेळाडू जास्तीचा उतरवतो. मग त्या रिकाम्या जाळीत कुठूनही गोल होतो. असे शॉट मॉडेलमधून वगळायचे असतात. बाईसाहेब विसरल्या होत्या. मी तोंडातून शब्द काढला नाही. घरी जाताना पाव किलो चिक्की घेतली.

शुक्रवारी सरांसमोर मी गोड आवाजात विचारलं, "मानसी, रिकाम्या जाळीवरचे शॉट वगळलेस ना गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"राहिलं, ताई," ती म्हणाली. "चूक माझी, सर."

सरांनी तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. "शेवटी अनुभव तो अनुभव," म्हणाले. जागा मला मिळाली.

जेवून सर पुण्याला निघाले आणि मी तिची फाइल दुरुस्त करायला बसले. गोलकीपर बाहेर असल्याची खूण ज्या ज्या शॉटवर होती, तो प्रत्येक शॉट तिनं वगळला होता. एकही राहिला नव्हता. पण तीनशे बारा शॉटवर ती खूणच नव्हती, आणि खूण करणाऱ्याच्या रकान्यात सगळीकडे माझं नाव होतं. माझं पहिल्या वर्षीचं काम. तेव्हा मला वाटायचं, गोलकीपर दिसत नाही म्हणजे कॅमेऱ्यात आला नसेल. जाळी उघडी टाकून कोण जातं?

खाली मानसीची टीप होती, सोमवारची. "या खुणा अनघाताईंच्या. दुरुस्त करायच्या तर नावासकट पुण्याला कळवावं लागेल. शुक्रवार होऊन जाऊ दे."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी तिला पाण्यात पाहत होते, आणि ती माझं नाव झाकत होती. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही थोडी. पण त्याहून जास्त वाटला तो मत्सरच. हुशारी तिच्याकडे होतीच, आता हेही.

ती दारात आली. "चहा सांगू का, ताई?" चेहरा रोजच्यासारखाच.

मी सरांना फोन लावला. ते अजून वलवणच्या पुढेही गेले नव्हते. "सर, गाडी वळवा. रिकाम्या जाळीच्या तीनशे बारा खुणा माझ्याकडूनच राहिल्यात. तिचं मॉडेल बरोबर आहे."

"ताई, कशाला?" मानसी म्हणाली.

लोकांना वाटेल, मला उपरती झाली. तसलं काही नाही. जागा तिला मिळाली तर मिळू दे, पण मोठेपणाही तिनं एकटीनंच घ्यायचा, हे मला सहन होणार नव्हतं.