टाचेची खूण

माझी धाकटी बहीण अंगाची कला करते. म्हणजे नेमकं काय, ते मला विचारू नका. मी लिफ्ट दुरुस्त करणारी बाई. तिच्या खेळात मोटर असली की मला बोलावणं येतं. यंत्र माझं, अंग तिचं, टाळ्याही तिलाच.

या वेळी तिने गुडघ्यांपर्यंत पाय मातीच्या हौदात पुरून घेतले. उजव्या मनगटाला हिरव्या वेलीचा फास, वेलीचं दुसरं टोक माझ्या मोटरच्या रिळाला. मिनिटाला एक वेढा. वेल तुटू नये म्हणून तिच्याच सांगण्यावरून मी आतून तार ओवली होती. माणूस, झाड आणि यंत्र एकमेकांना सोडत नाहीत, असं काहीतरी पत्रकात छापलं होतं. डोंबल!

आमचा नियम जुना. ती ओरडेल, रडेल, गयावया करेल, तरी मोटर थांबवायची नाही. ते सगळं खेळातलं. टाच दोनदा जमिनीवर आपटली, तरच थांबवायची. बारा खेळ असेच निभावले.

सातव्या वेढ्याला तिची बोटं जांभळी पडली.

"ताई, बंद कर."

लोक पुढे सरकले. एका बाईने डोळे पुसले.

"ताई, अगं खरंच, बंद कर ना!"

मी टाचेकडे बघायला गेले. टाच मातीत! दोघींपैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. तेवढ्यात मला आई आठवली. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं मी काढलं, आणि ही बया गावोगाव शरीराचा शोध घेत हिंडत होती. शेवटच्या दिवशी फोन केला तर म्हणते कशी, "ताई, खेळ अर्ध्यात सोडता येत नाही गं."

नाही ना येत? मग घे. मी आणखी तीन वेढे जाऊ दिले. हाड मोडल्याचा आवाज आला, तेव्हा बटण दाबलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

हात मनगटापासून काढावा लागला. ती शिव्या देईल, या तयारीनेच मी दवाखान्यात गेले. तिने डाव्या हाताने मला जवळ ओढलं.

"चूक माझीच. टाचेचं लक्षातच आलं नाही. तू बिचारी खुणेची वाट बघत राहिलीस ना?"

"हो," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

"रडू नकोस, ताई. तुझ्या जागी दुसरं कुणी असतं, तर मी मेलेच असते."