एकविसावं कपाळ

मी एक जुना डस्टर आहे. मित्रांनो, माझा जन्म फळा पुसण्यासाठी झाला आणि आयुष्य कपाळं फोडण्यात गेलं.

धुळ्याच्या असलम मिस्त्रींनी मला घडवलं. त्याच आठवड्यात त्यांना मुलगी झाली होती, मिसबाह. तिच्यासाठी त्यांनी सागवानी पाळणा केला. बाळाचं डोकं आपटलं तर, म्हणून त्याचा एकेक कोपरा घासून गुळगुळीत केला. उरलेल्या तुकड्यातून मी झालो. माझ्यापर्यंत येईस्तोवर पॉलिश पेपर संपला.

"राहू दे कोपरे," ते बायकोला म्हणाले. "फळ्याला थोडंच लागणार आहे?"

मी जळगावच्या एका कॉलेजात गणित विभागात रुजू झालो. तिथे भूपेंद्र सर होते, शुद्ध गणिताचे संशोधक. तरुणपणी त्यांनी एक प्रमेय सिद्ध केलं होतं. काही ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि एक ठिपका पुसला तर बाकीच्यांचं काय होतं, असा त्याचा विषय. "या प्रमेयाचा जगात काडीचा उपयोग नाही," असं ते छाती काढून सांगत. वर्गात कोणी "सर, उपयोग काय?" असं विचारलं, की मी उडायचो.

नेम अचूक होता. कोन, वेग, अंतर, पोरगं कुठल्या बाजूला मान वळवील, सगळ्याचा विचार एका क्षणात व्हायचा. उपयोजित गणिताचा इतका तिटकारा असलेला इतका उत्तम उपयोजित गणिती मी दुसरा पाहिला नाही.

सव्वीस वर्षांत वीस कपाळं झाली. त्यातलं तिसरं आता पावसाचे अंदाज बांधतं. आठवं कपाळ दवाखान्यातल्या यंत्रांसाठी शरीराच्या आतलं चित्र जुळवण्याची गणितं करतं. चौदावं बँकेचा निरोप चोरांना वाचता येऊ नये म्हणून मोठमोठ्या मूळ संख्यांशी झटतं. उपयोग काय, हे त्यांना बाहेर पडल्यावर कळलं. वर्गात फक्त मी कळलो. माझ्या अंगावरचं रक्त खडूच्या भुकटीत मिसळून गुलाबी व्हायचं, आणि शिपायाला ते रंगीत खडूचं वाटायचं. मला कधी कोणी धुतलं नाही.

मग मिसबाह सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायला आली. तिला मी ओळखलं नाही. मी बघितला होता तो तिचा पाळणा.

ती चोपड्याला हिलाल आबांच्या केळीबागेत जाऊन आली होती. आबांनी वादळाच्या भीतीने सगळी झाडं पट्ट्यांनी एकमेकांना बांधून टाकली होती. वादळ आलं, त्यानं एका झाडाची मान मोडली. ते पडताना शेजाऱ्याला घेऊन पडलं, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. खोडं फाटली, घड चिखलात आपटून फुटले, अख्खी बाग आडवी. "पोरी, एक पडनं, त्यानी बठ्ठासले ओढी लिधं," आबा म्हणाले होते.

कुठलं झाड कशाशी बांधायचं आणि कशाशी मुळीच बांधायचं नाही, हे मिसबाहने चार वर्षं खपून शोधून काढलं. प्रबंध तयार झाला. राहिली होती फक्त सरांची सही. त्या दिवशी तिने फळाभर सिद्धता लिहिली आणि खाली घडासकट केळीचं झाड काढलं.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"केळ, सर."

"माझ्या फळ्यावर?"

"तुमच्याच प्रमेयात आहे, सर. ठिपक्याच्या जागी झाड ठेवलं, रेषेच्या जागी पट्टी. त्याचा उपयोग झाला."

मी उडालो. माझा कोपरा तिच्या डाव्या भुवईवर बसला आणि कातडं हाडापर्यंत उघडलं. प्रबंधाच्या बेचाळिसाव्या पानावर रक्त टपटपलं.

"सही होणार नाही," सर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

टाके सहा पडले. दुसऱ्या दिवशी धुळ्याहून असलम मिस्त्री आले ते हातोडा घेऊनच. पहिल्या घावात सरांच्या खोलीतल्या कपाटाची काच गेली, दुसऱ्यात खुर्चीचा पाय. तिसऱ्यासाठी त्यांनी सरांची कॉलर धरून त्यांना टेबलावर दाबलं.

दारात मिसबाह उभी होती, डोक्याला पट्टी बांधून. "अब्बा," ती शांतपणे म्हणाली, "उजव्या हाताला लागू देऊ नका. सही बाकी आहे."

मिस्त्रींचा हात वर थांबला. तेवढ्यात सरांच्या कानाजवळ त्यांना मी दिसलो. त्यांनी कॉलर सोडली, मला उचललं, कोपऱ्यावर अंगठा फिरवला. अंगठ्याला सुकलेलं रक्त लागलं.

"हा मी केलाय," ते म्हणाले. "पॉलिश पेपर पाळण्यातच संपला होता."

तिसरा घाव माझ्यावर पडला. तो कोपरा उडून खिडकीबाहेर गेला. आवाज ऐकून सर दचकले, उठून बसले, पेन उघडलं आणि सही केली. भीतीने केली की पटलं म्हणून, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

मिस्त्रींनी पायरीवर बसून माझे उरलेले तीन कोपरे कानशीने घासले.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा वादळ आलं. आबांनी या वेळी मिसबाहने सांगितलं तशीच झाडं बांधली होती. अकरा झाडं मोडून पडली. बारावं त्यांना बांधलेलं नव्हतं, ते उभं राहिलं, आणि त्याच्यामागची सगळी बाग.

आता मी चोपड्याला असतो, मिसबाह मॅडमच्या वर्गात. परवा ज्योती नावाच्या मुलीने विचारलं, "मॅडम, याचा उपयोग काय?" मॅडमचा हात माझ्याकडे आला. भुवईवरच्या खुणेची गोष्ट ऐकलेला अख्खा पहिला बाक खाली वाकला. मॅडमनी मला घेऊन फळा स्वच्छ पुसला आणि एक केळीचं झाड काढलं.

मित्रांनो, डस्टर फेकू नका असं मी सांगत नाही. फेकणारे माझं ऐकत नाहीत. घडवणाऱ्यांना मात्र विनंती आहे. वस्तू दुसऱ्याची असली तरी कोपरे घासून द्या. ती कोणाच्या कपाळी बसेल, हे गणित कोणालाच आधी सुटत नाही.